एवढ्याशा शब्दाला यमक कुठून आणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाक्षरी शब्द म्हणजे नेमका कोणता? 'मी' की 'घर'?

कागदावर पाहिलं तर 'मी' एकाक्षरी आणि 'घर' दोन अक्षरी. पण 'घर' मोठ्याने म्हणून बघा. शेवटच्या 'र'मधला 'अ' आपण उच्चारतच नाही, 'घर्' एवढंच म्हणतो. म्हणजे तोंडातून आवाजाचा एकच ठोका निघतो. मन, हात, फूल, वीज, ओल हे सगळे तसेच. यमकाचा कारभार कानाकडे असतो, डोळ्याकडे नाही. म्हणून या पानावर दोन्ही जातींचे शब्द एकठोकी धरले आहेत. स्वरावर संपतात ते उघडे (मी, तू, जा, ये, हो) आणि व्यंजनावर संपतात ते बंद (घर, मन, वाट). ही नावं माझ्या सोयीची आहेत, व्याकरणाच्या पुस्तकात शोधू नका.

शेवटी जोडाक्षर असेल तर मात्र हिशेब बदलतो. हर्ष, चंद्र, शब्द यांत शेवटचा 'अ' थोडा तरी ऐकू येतोच, म्हणून ते दोन ठोक्यांचे.

पण वृत्तात तर 'घर'ची दोन अक्षरं मोजतात ना?

मोजतात, आणि ते बरोबरच आहे. ओवी-अभंगात असो की अक्षरगणवृत्तात, 'घर' दोन अक्षरांची जागा घेतं. मोजणी हा ओळीच्या लांबीचा प्रश्न आहे. यमक हा ओळीच्या शेवटी कानाला काय लागतं याचा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत केली की माणूस 'घर'ला यमक म्हणून 'वीर' घेऊन येतो, कारण दोघांच्या शेवटी 'र' दिसतो.

मग यमक जुळलं असं केव्हा म्हणायचं?

इथे एक गंमत आहे, आणि एकठोकी शब्दांची सगळी अडचण तिच्यातच आहे. उघड्या आणि बंद शब्दांचे नियम एकमेकांच्या उलट चालतात.

बंद शब्दात स्वर आणि त्याच्या पुढचं व्यंजन सारखं हवं, आणि स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. वाट–लाट–घाट–थाट. 'आट' तोच आहे, दार उघडणारा माणूस दर वेळी नवा.

उघड्या शब्दात स्वराच्या पुढे काहीच नाही. म्हणून 'मी'ला 'ती' जोडलं तर दोघांत फक्त 'ई' समान उरते, आणि 'ई'वर संपणारे शब्द मराठीत पैशाला पासरी आहेत. नदी, गोडी, वही, टोपी, सगळेच मग 'मी'चे सोयरे ठरतील. ज्याला कुणीही चालतं त्याला खरं कुणीच जुळत नाही. अशा वेळी स्वराच्या आधीचं व्यंजनही सारखं लागतं, म्हणजे अख्खं शेवटचं अक्षर: मी–कमी–हमी. थोडक्यात, बंद शब्दात जे वेगळं ठेवायचं तेच उघड्या शब्दात सारखं ठेवायचं.

'मी', 'तू', 'जा' यांना चालतील असे शब्द सांगाल का?

'मी' वाटतं तेवढं कठीण नाही. कमी, हमी, नेहमी, बातमी, कामी, निकामी, आगामी, स्वामी, भूमी. पहिले चार सगळ्यांत नैसर्गिक, कारण ते बोलण्यातले आहेत. उदाहरणादाखल,

जरा उशिरा आलो मी
शब्दच पडले कमी

'तू'ला ऋतू, हेतू, सेतू, जंतू, तंतू. प्रेमकवितेत पहिल्या तिघांवरच भागवावं लागतं, आणि म्हणून 'तू–ऋतू' ही जोडी इतकी वापरून झाली आहे की वाचकाला ती एक ओळ आधीच दिसते. 'हेतू' अजून बऱ्यापैकी ताजा आहे.

'ये'ला नये, सये, मध्ये, समये. 'नये' सगळ्यांत कामाचा, कारण 'ये' म्हणणाऱ्याच्या कवितेत 'नये' आपोआप ताण आणतो. 'स्त्री'ला मैत्री, खात्री, रात्री, धरित्री हे शब्द आहेत, शिवाय शास्त्री, मिस्त्री आणि इस्त्रीही. शेवटचे तीन विनोदी कवितेसाठी राखून ठेवा.

'जा'ची गोष्ट जरा वेगळी आहे, ती खाली 'ज'च्या प्रश्नात येते.

बंद शब्दासाठी यादी कशी करायची? डोक्यात दोन-तीनच शब्द येतात.

सगळ्यांच्याच येतात, आणि जे आधी येतात ते सगळ्यांचे सारखेच असतात. त्यावर जुना उपाय म्हणजे मुळाक्षरं क्रमाने म्हणत जायचं. शब्दाचं शेपूट धरा आणि पुढे एकेक व्यंजन लावून बघा. मराठीत 34 व्यंजनं धरतात. त्यांपैकी ङ, ञ, ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. म्हणजे फक्त 30 वेळा तोंड हलवायचं.

'दार' घेतलं तर शेपूट 'आर'. कार, खार, गार, घार, चार, ठार, तार, धार, नार, पार, फार, भार, मार, यार, वार, सार, हार. दोन मिनिटांत सतरा. यात 'घार' आणि 'ठार' असे आहेत की ते एरवी सुचले नसते, आणि कवितेला वळण देण्याची ताकद बहुतेक वेळा अशाच शब्दात असते.

मग दुसरी फेरी जोडाक्षरांची: द्वार, स्वार, क्षार. तिसरी फेरी लांब शब्दांची, ज्यांच्या शेवटचा ठोका 'आर' आहे: अंधार, आधार, विचार, नकार, होकार, उधार, शिकार, सतार, संसार, अपार. एकठोकी शब्दाला यमकही एकठोकीच हवं असा नियम कुठेही नाही. उलट 'दार'समोर 'अंधार' आला की ओळीला चाल मिळते, 'दार–तार–मार' असं सलग आलं की पाढे म्हटल्यासारखं वाटतं.

काही घराणी फार श्रीमंत आहेत. 'आव' बघा: गाव, नाव, भाव, घाव, ठाव, डाव, धाव, वाव, हाव. 'ओल'ला खोल, बोल, मोल, तोल, फोल, डोल. 'आस' म्हणजे श्वास, भास, ध्यास, त्रास, तास, घास, वास. 'झोप'ला रोप, कोप, लोप, आरोप आणि निरोप. झोप आणि निरोप यांच्यामध्ये एक कविता आयती बसलेली आहे, कुणी तरी लिहायला हवी.

'मन'ला 'नमन' चालेल का?

नाही, किंवा फार नाइलाज झाला तरच. 'नमन'मध्ये 'मन' जसंच्या तसं बसलं आहे. सुमन, शमन, दमन, आगमन सगळ्यांचं तेच. कानाला यमक ऐकू येत नाही, तोच शब्द परत आल्यासारखा वाटतो. 'म' बदलला पाहिजे: जन, धन, वन, घन, तन, सदन, जीवन, स्पंदन. लांब शब्द शोधताना ही चूक हटकून होते, कारण लांब शब्द वेगळा दिसतो. 'घर–देवघर' किंवा 'वाट–पायवाट' यांतही तोच घोळ आहे.

'घरात–मनात–उन्हात' असं केलं की भराभर जुळतं. मग अडचण काय?

अडचण हीच, की भराभर जुळतं. 'त' हा प्रत्यय लावला की कितीतरी शब्द 'आत'च्या घराण्यात येतात. 'वर' लावला की 'घर'च्या: वाटेवर, झाडावर, डोळ्यांवर. 'ऊन' लावला की 'ऊन'च्या: येऊन, पाहून, राहून, जाऊन. 'भर' घेतला तर क्षणभर, रात्रभर, आयुष्यभर. दोन्ही ओळींच्या शेवटी प्रत्ययच आला तर जुळलेला असतो तो प्रत्यय, शब्द नाही. वाचकाला ते सांगता येत नाही, पण सैल लागतं.

माझा तोडगा साधा आहे. एका ओळीत मूळ शब्द ठेवावा, दुसरीत प्रत्ययाचा.

अंगणात उभी रात
कुणी हाक दे मनात

'रात'चा 'आत' जन्मजात आहे, 'मनात'चा लावलेला. दोन वेगळ्या वाटांनी येऊन ते एका जागी भेटतात, म्हणून कान सुखावतो. 'वनात–मनात' असतं तर तेवढं झालं नसतं. तसंच 'ऊन' आणि 'राहून', 'घर' आणि 'वाटेवर'. हा तोडगा कळल्यावर एकठोकी शब्दाची भीती बरीच जाते, कारण मूळ शब्दाचे सोबती थोडे असले तरी प्रत्ययवाले अगणित असतात.

'डोळ्यांत' लिहिताना अनेकवचनाचा अनुस्वार येतो. तो उच्चारात नाही, तेव्हा 'रात'शी खुशाल जुळवा.

'खूण' दीर्घ आणि 'गुण' ऱ्हस्व. जुळतात का?

जुळतात. लेखननियमांनुसार मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ (खूण, फूल, वीट, रीत), आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे (गुण, हित, शिव, दिन). 1962चे 14 नियम आणि 1972ची 4 नियमांची भर, एवढी ती सगळी मांडणी आहे, आणि ती लिहिण्यासाठी आहे. बोलताना आपण बंद ठोक्यातला स्वर लांबवतोच. 'हित' आणि 'रीत', 'शिव' आणि 'जीव' म्हणून बघा, फरक शोधावा लागेल. मात्राच मोजायच्या असतील तर गोष्ट निराळी, तिथे 'हित'च्या दोन आणि 'रीत'च्या तीन.

उघड्या शब्दांत हा प्रश्न येतच नाही. मी, ही, ती, तू, धू, जू सगळे दीर्घ. अपवाद तेवढा 'नि'चा, आणि 'नि'वर ओळ संपवणाऱ्याने यमकाची काळजी करू नये, वाक्याची करावी.

न–ण, ल–ळ, त–थ चालवून घ्यावं का?

ल आणि ळ अजिबात नाही. 'गाल' आणि 'गाळ' यांत अर्थाचं अंतर आहे तेवढंच आवाजाचंही आहे. 'काळ'ला माळ, बाळ, टाळ, जाळ इतके मिळतात की 'ल'च्या दारात जायची गरजही नाही.

न–ण कुठे लिहिता यावर आहे. 'मन–क्षण' गाण्यात खपून जातं, पानावर खटकतं. श आणि ष मात्र आजच्या बोलण्यात एकच झाले आहेत, 'कोश–दोष' ही जोडी निर्धास्त वापरा.

महाप्राण, म्हणजे ख, ठ, थ अशा 'ह' मिसळलेल्या व्यंजनांबद्दल मी थोडा ढिला आहे. हात–साथ, वाट–गाठ, हाक–राख. शब्दाच्या शेवटी 'थ'मधला 'ह' बोलताना बराच विरतो, म्हणून ऐकताना जोडी बसते. चालीवर म्हणायची रचना असेल तर घ्या. कडक बांधणीची कविता असेल तर तुमचा सर्वांत प्रेमळ वाचकसुद्धा तिथे अडखळेल.

'च' आणि 'ज'चे दोन उच्चार आहेत. त्याने यमक बिघडतं का?

सुरुवातीला असतील तर नाही. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' वेगळे, पण 'चार'चं यमक 'आर'वर ठरतं, 'च'ला तिथे कुणी विचारत नाही.

शेवटी असतील तर बिघडतं. 'जा'मधला 'ज' दातांकडून येतो, मजा, रजा, सजा यांच्यातला तसाच. म्हणून 'जा–मजा' घट्ट बसतं. राजा, पूजा, प्रजा यांच्यातला 'ज' टाळूकडचा, 'ज्य'कडे झुकणारा. लिहिलेलं अगदी सारखं आणि म्हटलेलं वेगळं. 'राजा–माझा' ही जोडी नवे लोक फार करतात. तिथे ज–झ असा फरक आहेच, वर उच्चारस्थानही बदलतं. बंद शब्दांत काच–नाच–पाच–टाच एका घरचे, आज–लाज–साज एका घरचे, तिथे काळजी नाही.

माझ्या शब्दाला काहीच सापडत नाही. आता?

असे शब्द आहेत. 'जीभ'ला मला आजवर काही मिळालं नाही. 'नभ' त्याहून दुष्ट आहे, त्याला सुलभ, दुर्लभ, वल्लभ, सौरभ मिळतात आणि त्यांच्या पाठोपाठ 'गर्दभ' चालत येतो. एकदा गर्दभ आठवला की निळ्या नभाची कविता गंभीरपणे पुरी होत नाही, स्वानुभव आहे. 'ऊब'ला 'खूब' मिळतो, पुढे अंधार. 'हौस'ला नेमका जोडीदार नाही, 'पाऊस' जवळून जातो.

अशा वेळी शब्द बदलण्याआधी त्याचं रूप बदलून बघा. मराठीत शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात बसतो, आणि ही आपल्यावरची मोठी कृपा आहे. 'नभ' एकाकी असेल, 'नभात' एकाकी नाही, त्याला रात, हात, आत हे साद घालत बसलेले आहेत. 'जीभ'ला कुणी नसेल, 'जिभेवर'ला 'घर' आहे, 'पदर' आहे, 'नजर' आहे. 'फूल'चे सोबती मूल, भूल, पूल, झूल. 'फुला' झालं की मुला, तुला, मला, झुला असा वेगळाच गोतावळा जमतो.

तेही नको असेल तर शब्द ओळीच्या शेवटून उचलून मध्ये ठेवा. 'डोळ्यांसमोर नभ' याऐवजी 'नभ डोळ्यांसमोर' केलं की प्रश्न 'ओर'चा झाला: मोर, चोर, थोर, दोर, घनघोर, कठोर. मराठीत शब्दांचा क्रम हलवता येतो, तेवढी मोकळीक घ्या. पण ओढाताण ऐकू येईल इतकी नको.

आणि तिसरा मार्ग, तो शब्द शेवटीच ठेवायचा, पण त्याला यमक द्यायचंच नाही. प्रत्येक ओळीत तोच ठेवायचा आणि यमक त्याच्या आधी जुळवायचं:

वाट विसरून ये तू
पाऊस होऊन ये तू

इथे 'तू'ला ऋतू-सेतू कशाचीच गरज पडली नाही. 'विसरून–होऊन' हे यमक, 'ये तू' हे मागे येणारं पालुपद. एकठोकी उघड्या शब्दांसाठी मला हाच मार्ग सगळ्यांत आवडतो. शब्द लहान असल्यामुळे पुनरुक्ती जड होत नाही, घंटेसारखी वाजते.

गझलेत हे नियम वेगळे आहेत का?

वेगळे म्हणण्यापेक्षा बांधलेले. वरचं पालुपद तिथे रदीफ होतं आणि यमक काफिया. काफियाच्या आधीचा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. 'घर' घेतलंत तर 'अ' ही अलामत, म्हणून वर, नजर, शिखर चालतील. दार, वीर चालणार नाहीत.

पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, जपा. तिथे 'पदर' आणि 'कदर' घेतलेत तर तुम्ही न कळत 'दर' सामायिक करून बसलात, आणि पुढे चादर-आदर शोधत फिरावं लागेल. मतल्यात 'पदर–नजर' ठेवा, 'अर'चं अख्खं घराणं मोकळं राहतं. उघड्या शब्दांत नुसता स्वर जुळवणारा स्वरकाफिया घेण्याची प्रथा आहे. तेव्हा 'मी–ती–नदी' तिथे नियमात बसतं. नियमात बसतं म्हणून कानात बसेलच असं नाही.

फोन, बस, पेन अशा शब्दांना मराठी यमक चालतं?

का नाही? फोन–दोन, बस–रस–दिवस–कळस, ट्रेन–पेन. 'बस' तर आज्ञार्थी क्रियापदही आहे, त्यावर कोटी होते. 'ऑ' आणि 'ओ' मात्र मिसळू नका, 'हॉल' आणि 'खोल' जुळत नाहीत. विनोदी रचनेत आलेला इंग्रजी शब्द चटकन हसू आणतो. गंभीर रचनेतही तो हसूच आणतो, हे लक्षात असू द्या.

कॉम्प्युटरवर शोधता येईल का?

शब्दांची यादी फाइलमध्ये असेल तर येईल. युनिकोडमध्ये काना वेगळं चिन्ह म्हणून साठवला जातो, त्यामुळे 'ार'वर संपणारे शब्द मागितले की दार, अंधार, विचार सगळे मिळतात. पंचाईत 'मन', 'घर' अशांची होते. व्यंजनात मिसळलेल्या 'अ'ला स्वतंत्र चिन्हच नाही. 'न'वर संपणारे मागितले तर मनासोबत पान, ऊन, दीन सगळे येऊन बसतात. तिथे 'शेवटी न आणि त्याच्या आधी मात्रा नसलेलं व्यंजन' अशी अट घालावी लागते. आयत्या साधनांनी दिलेल्या याद्या मोठ्याने वाचून मगच वापरा, त्यांतली बरीच यमकं डोळ्याची असतात, आणि 'धूल'सारखे हिंदी शब्दही घुसतात. आपली ती धूळ.

शाळेत यमक हा अलंकार शिकलो, तो हाच का?

नावाचा घोटाळा आहे. अलंकारातलं यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा येणं, पण अर्थ निराळा. गळ्यातला हार आणि खेळातली हार, हातही कर आणि सरकारचाही कर, डोलणारी मान आणि मिळणारा मान. एकठोकी शब्दांत असे जुळे पुष्कळ आहेत: वर, सर, पान, वात, माळ. 17व्या शतकातल्या वामन पंडितांना या खेळाच्या हौसेमुळे 'यमक्या वामन' म्हणत. ओळीच्या शेवटी जुळतं त्याला काटेकोर बोलायचं तर अंत्ययमक म्हणावं. रोजच्या बोलण्यात नुसतं यमक चालतं.

वर 'नमन' नको म्हटलं आणि इथे 'कर–कर' चालतं, हे विसंगत वाटेल. 'नमन'मध्ये 'मन' लपून येतं, म्हणून हात आखडल्यासारखं वाटतं. 'कर'समोर 'कर' उघड ठेवला आणि अर्थ पालटला, तर वाचकाला कळतं की हे मुद्दाम आहे.

आधी यमक शोधायचं की आधी ओळ लिहायची?

दुसरी ओळ आधी लिहा. जो शब्द अवघड आहे, ज्याला सोबती कमी आहेत, तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी यावा आणि सोपा पहिल्या. 'निरोप' मनात असेल तर पहिली ओळ 'झोप'वर संपवून मग तिथे पोचा. उलट केलं, तर पहिल्या ओळीत मनातलं बोलून झालेलं असतं आणि दुसरी ओळ नुसती यमकाची हमाली करते.